साडेसाती आणि एल-फोर एल-फाइव्ह

गेल्या वर्षी कंबर धरली. एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि निकाल दिला, "एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकलीय, मणक्यात गॅप आहे. ऑपरेशनची तयारी ठेवा." माझ्या पाठीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. इकडे आईने पत्रिका दाखवली. तिथला निकाल: साडेसाती. शनिवारी आम्ही शनिशिंगणापूरला, तेल घेऊन रांगेत.

रांगेत उभ्या उभ्या हिशेब केला. शनी आपल्या चंद्रराशीत, तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या राशीत असला की साडेसाती. म्हणजे कधीही बघा, बारापैकी तीन राशींना ती चालूच असते. साधारण दर चौथा माणूस. नोकरी जावो, लग्न मोडो, कंबर दुखो, चौघांतल्या एकाच्या पत्रिकेत कारण आधीच तयार असतं.

पत्रिकेला हसणाऱ्या माझ्या मित्रांनो, आता एमआरआयचे आकडे बघा. 2015 साली पाठ अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीतल्या 96 टक्के. फुगलेली गादी विशीत 30 टक्के, ऐंशीत 84 टक्के. साडेसाती तरी चौघांत एकालाच असते!

दुखणाऱ्या तरुणांत या खुणा जास्त सापडतात, हे खरं. पण खूण सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही. कोड लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. लॉगमध्ये दिसलेली प्रत्येक वॉर्निंग सर्व्हर पाडत नसते.

नेमकी कोणती गादी दुखते हे शोधायला डिस्कोग्राफी नावाची तपासणी आहे. गादीत सुईने रंगद्रव्य भरायचं आणि विचारायचं, "तुमची नेहमीची कळ हीच का?" पण पाठीची तक्रार नसलेल्या काहींनाही त्यात कळ येते. शिवाय 2009 सालच्या एका अभ्यासात, सुई टोचलेल्या गाद्या दहा वर्षांनी न टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजलेल्या आढळल्या.

मशीन वाईट नाही. पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, जांघेत बधिरपणा असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, अपघात किंवा पूर्वी झालेला कॅन्सर असेल तरी थांबू नका. तिथे एमआरआय आयुष्य वाचवतो. माझं भांडण फिल्मची पत्रिका करणाऱ्यांशी आहे.

"या वयात पाठ न दुखणाऱ्यांतही असं दिसतं" ही ओळ रिपोर्टवर छापा, अशी मागणी मीही केली असती. अमेरिकेत ती छापून पाहिली. पाठीवरचे एकूण उपचार काही कमी झाले नाहीत. कागदावरची ओळ पुरत नाही. ती समोर बसून डॉक्टरांनीच सांगायला हवी, आणि सांगत नसतील तर आपण विचारायला हवी: माझ्या वयाच्या किती धडधाकट माणसांत हे दिसतं? पाय तपासलात का? सहा आठवडे थांबलो तर काय बिघडेल?

मी थांबलो. चालत राहिलो, व्यायाम केला. दोन महिन्यांत कंबर मोकळी झाली. आई म्हणते, तेल पावलं. ऑपरेशन केलं असतं तर श्रेय ऑपरेशनला गेलं असतं. बहुतेक कंबरदुखी आपली आपण बरी होते, म्हणून तर दोन्ही दुकानं चालतात. फरक एवढाच, की तेल वाहिलं त्या दिवशी मला कुणी कापलं नाही.