प्रत्येक पोटदुखी ‘गॅस’ नसते

अंधेरी असो की मुलुंड, रात्री पोटात दुखू लागले की आपला उपाय ठरलेला असतो: ओवा, ॲसिडिटीची गोळी आणि ‘सकाळी बघू’. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. पण तीव्र स्वादुपिंडदाहात, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेल्या सुजेत, ती एक रात्र महागात पडू शकते. बहुतेक रुग्ण उपचारांनी आठवडाभरात बरे होतात. मात्र साधारण पाचातील एकाचा आजार गंभीर वळण घेतो. मग फुप्फुसे, मूत्रपिंडेही धोक्यात येतात.

हे दुखणे वेगळे ओळखू येते. बेंबीच्या वर अचानक जोराची कळ येते आणि ती बरेचदा पाठीत जाते. उताणे झोपले की वाढते, पुढे वाकून बसले की किंचित कमी होते. उलट्या होऊनही आराम पडत नाही. पित्ताशयात खडे असतील, मद्यपान असेल किंवा ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर असेल, तर शंका आधी घ्यावी.

निदानाचे निकष २०१२ पासून जगभर स्पष्ट आहेत. अशी कळ, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज सामान्य कमाल पातळीच्या किमान ३ पट, आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज. या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्के. पहिल्या दोन जुळल्या, तर निदानासाठी सीटी स्कॅनची गरज नसते.

म्हणूनच माझा आक्षेप ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, घरी जा’ या दिलाशाला आहे. खडे शोधायला सोनोग्राफी हवीच. पण आतड्यांतील वायूमुळे स्वादुपिंड अनेकदा नीट दिसतच नाही. अमायलेजही काही दिवसांत उतरते, त्यामुळे दोन-तीन दिवस अंगावर काढून आलेल्या रुग्णात लायपेज अधिक भरवशाचे. अर्थात, लायपेजचा आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असे नव्हे. गांभीर्य ठरते ते श्वास, लघवी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवून.

हृदयविकाराचा झटकाही कधी पोटदुखीचे सोंग घेऊन येतो. म्हणून अशी कळ थांबत नसेल, तर केमिस्टकडे नको. घाटकोपरच्या राजावाडीत, विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये किंवा जवळच्या कोणत्याही रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. तिथे नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, ईसीजी आणि लायपेज करायचे का?’ हा अविश्वास नव्हे. रात्री गर्दीत दमलेल्या डॉक्टरला केलेली ती मदतच आहे.