कोडें, कथा आणि नाद

मुलांच्या हातीं खेळाचें यंत्र दिसलें कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते, आणि ती सर्वस्वीं अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. अष्टौप्रहर गोळीबारांत रमलेलें मूल पाहून कोणत्या पित्यास समाधान वाटेल? परंतु ‘व्हिडिओ गेम’ या एका नांवाखालीं आज इतक्या भिन्न वस्तु मोडतात कीं, त्या सर्वांस एकच दंड लावणें म्हणजे कादंबरी, पंचांग आणि जाहिरात हीं तिन्ही कागदावरच छापलेलीं म्हणून एका मापानें मोजण्यासारखें आहे. या महिन्यांत आम्ही त्यांपैकीं एका जातीविषयीं चार शब्द लिहिणार आहों. अनोळखी स्थळीं हिंडावयाचें, वाटेंतील कोडीं सोडवावयाचीं, आणि त्यांतूनच एक कथा उलगडत जावयाची, असे हे खेळ आहेत.

या जातीचा प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकेंत रँड व रॉबिन मिलर या बंधूंनीं १९९३ सालीं काढलेला ‘मिस्ट’. खेळणारा एका निर्जन बेटावर येतो. काय करावयाचें हें त्यास कोणी सांगत नाहीं. पुस्तकें, यंत्रें व बंद दारें यांवरून पूर्वीं येथें काय घडलें तें त्यानेंच ताडावयाचें. त्यांतील एका भूमीवर पाण्याचा, अग्नीचा, घड्याळाचा, स्फटिकांचा व वाऱ्याचा असे पांच ध्वनि पांच ठिकाणीं ऐकूं येतात. ते ओळखून योग्य क्रमानें लाविल्याखेरीज पुढील मार्ग खुला होत नाहीं. नंतर भुयारांतील चक्रव्यूहांत तर कोणत्या दिशेस वळावें हें केवळ ध्वनीवरून समजतें. आरंभीं या बंधूंचा विचार खेळांत संगीत घालूंच नये असा होता. संगीतानें मन विचलित होईल अशी त्यांस धास्ती वाटे. प्रयोग करून पाहतां उलट अनुभव आला, आणि रॉबिन यांनीं स्वतःच संगीत रचिलें. तें थोडें आहे, मंद आहे, आणि नसावें तेथें नाहीं. आमच्या मतें या कलेचें मर्म येथेंच आहे.

कोड्यांतून कथा चालविणें हा प्रकार आपणांस परका नाहीं. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. दंडीनें ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदांत तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. वेताळाच्या पंचवीस कथा तर सर्वांच्या ओळखीच्या. तेथें कोडें हें कथेच्या वाटेंत अडकविलेलें कुलूप नसून तिचा सांधाच आहे. राजानें उत्तर दिलें कीं वेताळ पुन्हा झाडावर जातो, आणि म्हणूनच पुढची कथा निघते.

नादाचेंही तसेंच. कुडाळजवळील पिंगुळी गांवीं ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा आहे. एकेक चित्र पुढें धरावयाचें आणि वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीवर रामायण-महाभारतांतील प्रसंग सांगावयाचा. चित्र हालत नाहीं. त्यास गति देतो तो नाद. तेथेंच चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही चालतो. या कलांचें जतन करणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री देऊन गौरविण्यांत आलें.

छायाखेळाची आठवण व्हावी असा एक व्हिडिओ गेम आपल्या पुण्यांतच निघाला आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीनें २०२० सालीं ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध केला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी पोरकी मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशीं असुर तिच्या धाकट्या भावास, गोलूस, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधार्थ निघते. दुर्गा व विष्णु यांच्या संवादांतून कथन चालतें. मधलीं आख्यानें छायाबाहुल्यांच्या रूपानें येतात. संगीत लिनॉस त्झेलॉस या ग्रीक संगीतकाराचें आहे. यांत लढाई पुष्कळ, म्हणून हा खेळ वरील जातींत पुरता बसत नाहीं. तथापि कांहीं ठिकाणीं चित्राचे तुकडे फिरवून जुळवावयाचे असतात, आणि चित्र पुरें झालें कीं बहीणभावांची एक जुनी आठवण समोर येते. कोडें सुटणें आणि कथा कळणें या दोन क्रिया तेथें एकच होतात. हा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटला. उलट, देवता बोलत असतां मुलगी नुसती धांवत असते, तेथें जें खेळणाऱ्यानें शोधावें तें त्यास आयतें मिळतें. चांगला कीर्तनकार चरण गाऊन क्षणभर थांबतो व श्रोत्यांच्या मनास काम देतो. तसें थांबणें येथें अधिक हवें होतें.

यावरून गृहस्थांस एक सोपी कसोटी सांगतां येईल. कोडीं काढून टाकिलीं तर कथा लंगडी पडते काय? आवाज बंद केला तर खेळ अपुरा वाटतो काय? दोहोंचें उत्तर ‘होय’ असेल, तर तो खेळ निव्वळ कालापव्यय नव्हे.

परंतु खरा प्रश्न याहून मोठा आहे. ‘राजी’तील पात्रें आरंभीं इंग्रजींत बोलत, हिंदी वाणी त्यांस २०२२ च्या सुधारित आवृत्तींत लाभली. पुण्यांत जन्मलेल्या या मुलीच्या तोंडीं मराठी केव्हां येणार? मूल कथेवांचून राहत नाहीं. जेथें मिळेल तेथें तें ती घेतें, आणि अद्भुत रस ज्या भाषेंत प्रथम चाखला ती भाषा त्याच्या मनांत घर करते. गायन समाज जेथें देवगंधर्व महोत्सव भरवितो त्या आमच्या कल्याणांत कानसेनांची वाण नाहीं; रोज सकाळीं गाडी पकडून संगणकाच्या कचेऱ्यांत जाणारे तरुणही पुष्कळ. वेताळकथा, चित्रकथी, कीर्तन, ओवी हें भांडवल आपल्यापाशीं पडून आहे. तें कामास लावणारा कोणी आपल्याच घरांतून निघावा, अशी आमची इच्छा आहे.

तोंवर पालकांनीं एवढें करावें. यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं अर्धा तास मुलाजवळ बसावें, तो आवाज आपणही ऐकावा, आणि चाललेली गोष्ट त्यास मराठींत सांगावयास लावावें. आमच्या घरीं नातवासाठीं हा नियम आहे. गोष्ट सांगतां आली तर खेळ चालूं द्यावा. सांगण्याजोगी गोष्टच त्यांत नसेल, तर यंत्र खुशाल कपाटांत ठेवावें.