बरणी आधी ओळखा



शाळेच्या प्रयोगशाळेत काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या वापराव्यात, ही गेल्या अंकातील पत्रलेखकांची सूचना सरसकट मान्य होण्यासारखी नाही. बरणीच्या तळावरच्या त्रिकोणात १ हा आकडा असेल तर ती पेट (PET) प्लास्टिकची. खाद्यतेल, ग्लिसरीन तिला चालते, कॉस्टिक सोडा मात्र नको. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनचा थेंब पडला, की ती जागा चिकट होऊन विरघळू लागते. संत्र्याच्या सालीतले तेलही तिला खाते! ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिट भरले की सांध्यांशी आणि पाडलेल्या भोकांभोवती केसासारख्या भेगा उमटतात. स्पिरिटातले नमुने काचेतच असू द्यावेत, फुटण्याची भीती धरूनही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक