किरणोपचारातला न दिसणारा माणूस आणि त्याचे प्रशिक्षण

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले की पुढील ३ वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे सुरू होतील, त्यांपैकी २०० त्याच वर्षी. बऱ्हाणपूर २००३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, त्यामुळे आपल्या मंडळातही या घोषणेची चर्चा झाली. घोषणा स्वागतार्ह आहेच. पण तिचा नेमका अर्थ समजून घ्यायला हवा. डे-केअर केंद्रात मुख्यतः केमोथेरपी मिळते. किरणोपचार, म्हणजे ज्याला आपण घरात 'शेक' आणि बाजारात 'सिकाई' म्हणतो, तो तिथे मिळत नाही. त्यासाठी आपल्या माणसांना यापुढेही इंदूर किंवा मुंबईची गाडी धरावी लागेल, आणि आठवड्यातून ५ दिवस असे कित्येक आठवडे तिथे मुक्काम करावा लागेल.

किरणोपचाराचे केंद्र जवळ का येत नाही, असे विचारले की उत्तर मिळते, 'मशीन महाग आहे.' ते खरे आहे, पण अर्धेच. मशीन आले तरी ते चालवण्यासाठी डॉक्टर आणि तंत्रज्ञांबरोबर आणखी एक माणूस लागतो. तो म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ. गाठ कुठे आहे आणि तिला किती मात्रा द्यायची हे डॉक्टर ठरवतात. ती मात्रा गाठीवर पूर्ण पडावी आणि शेजारच्या अवयवांवर कमीत कमी पडावी, याचे गणित हा माणूस करतो. मशीनमधून बाहेर पडणारी किरणे कागदावरच्या आकड्याइतकीच आहेत ना, हे मोजून पाहणेही त्याचेच काम. रुग्णाला तो क्वचितच दिसतो.

हे काम चुकले तर काय होते, याचे जुने उदाहरण अमेरिकेतील कोलंबस शहराचे आहे. कोबाल्टचा स्रोत दर महिन्याला साधारण १ टक्क्याने क्षीण होतो आणि ५.२७ वर्षांत निम्म्यावर येतो. १९७४ ते १९७६ या काळात तिथल्या एका रुग्णालयात या क्षयाचा आलेख चुकीचा काढला गेला. स्रोत प्रत्यक्षात होता त्यापेक्षा कमजोर समजला गेला आणि रुग्णांना जास्त वेळ किरणे दिली गेली. २२ महिने कोणी प्रत्यक्ष मोजमापच केले नाही. ४२६ रुग्णांना जादा मात्रा मिळाली. मशीन ठीक होते. चुकले ते हिशेबात आणि तपासणीत. मात्रा ५ टक्क्यांच्या आत अचूक असावी, असे या शास्त्रात मानले जाते. एवढी बारीक नजर केवळ पुस्तक वाचून येत नाही.

म्हणूनच प्रशिक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार दोन वाटा आहेत. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घ्यायची, किंवा बी.एस्सी.नंतर थेट मेडिकल फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायची. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील पदविका १९६२ पासून चालू आहे. दोन्ही वाटांवर नंतर सुसज्ज किरणोपचार विभागात किमान १२ महिने इंटर्नशिप सक्तीची आहे. विकिरण सुरक्षा अधिकारी व्हायचे तर आणखी वेगळी परीक्षा द्यावी लागते.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००९ मध्ये या प्रशिक्षणासाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. प्रशिक्षणार्थ्याने अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली काम करावे, कोणते काम किती जमले याची नोंद टप्प्याटप्प्याने ठेवावी आणि हा काळ साधारण २ वर्षांचा असावा, अशी तिची शिफारस आहे. अमेरिकेत २०१४ पासून मान्यताप्राप्त रेसिडेन्सी केल्याशिवाय या विषयाच्या बोर्डाची परीक्षा देता येत नाही. आपल्याकडे १२ महिने हे किमान आहे, आणि त्या १२ महिन्यांत काय हाताला लागते ते त्या त्या विभागावर बरेच अवलंबून राहते.

आपल्या गावात यंत्रमागावर नवा मुलगा आला तर त्याला आधी उस्तादाशेजारी उभे करतात. धागा तुटला तर कापड बिघडते, म्हणून. इथे तर माणसाचे शरीर आहे.

यावर कोणी म्हणेल, आधीच माणसे कमी, त्यात प्रशिक्षण वाढवले तर केंद्रे आणखी लांबतील. हा आक्षेप हलका नाही. केंद्र नसल्यामुळे उपचार अर्धवट सोडणारा रुग्णही नुकसानच सोसतो. आमच्या मते उत्तर असे, की प्रशिक्षणाचा काळ वाढवायचा तर त्या काळात पुरेसे विद्यावेतन हवे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्यासाठी मंजूर जागा हव्यात. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीला आपण हेच तत्त्व लावतो. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्यात मेडिकल फिजिसिस्टचा समावेश आहे, म्हणजे दार उघडलेले आहे. मशीनच्या खरेदीबरोबर माणूस घडवण्याची तरतूद होते का, हे आता पाहायला हवे.

सभासदांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरात कोणाला शेक घ्यावा लागला, तर केंद्राला नियामक मंडळाचा परवाना आहे का आणि तिथे पूर्णवेळ फिजिसिस्ट आहे का, हे मोकळेपणाने विचारावे. त्यात संकोच नको. आणि ज्यांची मुले-मुली बी.एस्सी. फिजिक्स करत आहेत, त्यांनी ही वाट एकदा जरूर पाहावी. प्रवेश घेताना पदवीच्या नावाबरोबर इंटर्नशिप कुठे, कोणाच्या हाताखाली आणि किती विद्यावेतनावर, हेही विचारून घ्यावे. उद्या जवळपास केंद्र उभे राहिले, तर त्यातला तो न दिसणारा माणूस आपल्यापैकीच एखाद्या घरातला असावा, अशी आमची इच्छा आहे.