पाय गेला, आता अंगठाही द्या!

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की विमा कंपन्यांना एकाएकी माणुसकीचा उमाळा येतो. ज्यांनी लेखी म्हणणे द्यायलाच मुदतीवर मुदत मागितली, डॉक्टरांची साक्ष या ना त्या कारणाने लांबवली, तेच आता कुबड्या टेकत आलेल्या अर्जदाराला खुर्ची पुढे करतात आणि आकडा टाकतात. चार लाख. आज तडजोडीच्या पुरसीसवर सही करा, पैसे खात्यात. नाहीतर चालू द्या केस, आम्हाला कुठे घाई आहे?

घाई त्यांना नाहीच! घाई आहे ती घरभाडे थकलेल्या, बायकोचे डोरले गहाण टाकलेल्या माणसाला. अपघातात त्याचे हाड मोडले ते एका क्षणात. कंबर मोडली ती नंतरच्या तारखांनी. या घाईवरच कंपन्यांचा नफा उभा आहे, आणि हा सौदा न्यायालयाच्या छताखाली, शिक्क्यानिशी, राजरोस होतो!

हिशेबच मांडू. समजा, ३२ वर्षांचा सेंट्रिंग कामगार आहे, महिन्याची कमाई १५,००० रुपये. पाय असा मोडला की परांचीवर पुन्हा चढणे नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याची कमावण्याची ताकद ४० टक्के गेली असे धरले. वर्षाची कमाई १ लाख ८० हजार. पुढे वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के भर, कारण प्रणय सेठी प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारितांसाठी तेवढी भर ठरवून दिली आहे. झाले २ लाख ५२ हजार. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे या वयाचा गुणक १६. त्याने गुणून जी रक्कम येते तिचे ४० टक्के काढा: १६ लाख १२ हजार ८००. यात अजून दवाखान्याचा खर्च नाही, अंथरुणावर बुडालेली मजुरी नाही, वेदनेचे पैसे नाहीत, प्लेट काढायच्या दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च नाही आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याजही नाही. समोर ठेवले जातात चार लाख! बाजार उठताना उरलेली भाजी मिळेल त्या भावाने उचलावी, तसा हा पाय उचलला जातो.

आणि ४० टक्के तरी का? राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेला कारकून टेबलावर परत बसू शकतो. सुताराची रोजीरोटीच संपते. हा निकाल कंपनीच्या पॅनलवरच्या वकिलाला तोंडपाठ असतो. अर्जदाराला तो सांगतो कोण? त्याचा स्वतःचा वकील? भरपाईत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनी निषिद्ध आहे, तरी कोर्टाच्या आवारात ती बिनबोभाट ठरते. अशा वकिलाला आजचे चार लाख पाच वर्षांनंतरच्या सोळा लाखांपेक्षा गोड लागले, तर नवल कसले? (प्रामाणिक वकील आहेत. त्यांनी हे स्वतःच्या अंगाला लावून घेऊ नये.)

तडजोड करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. साक्षीदार नाही, गाडीचा नंबर संशयास्पद आहे, चुकीत आपलाही वाटा आहे, तर योग्य आकड्याला हो म्हणण्यात शहाणपण आहे. पण हाड जुळण्याआधी, अपंगत्वाचा दाखला हाती येण्याआधी, हिशेब कागदावर उतरण्याआधी सही कसली? लोकअदालतीचा निवाडा अंतिम. त्यावर अपील नाही. पुढच्या वर्षी रॉडपाशी पू झाला, पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, तर तो खर्च त्या माणसाच्याच बोकांडी बसतो. मग तो कुणाच्या दारात जाणार?

सरकारची करणी तर याहून अजब. मोटार वाहन कायद्यातली दावा दाखल करण्याची मुदतीची अट संसदेने १९९४ साली काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून जायबंदीला सहा महिन्यांच्या चाबकाखाली उभे केले. त्याच दुरुस्तीतले कलम १४९ कंपनीलाही बांधते: अधिकारी नेमा, ठरल्या मुदतीत न्यायाधिकरणापुढे प्रस्ताव ठेवा, अर्जदाराने तो मानला तर तीस दिवसांत पैसे द्या. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, हा नियमही २०२२ चाच. गरिबाची मुदत तेवढी लोखंडाची आणि बाकी सगळ्यांची रबराची? कायद्यात न्यायाधिकरणापुढे ठेवायचा प्रस्ताव वॉर्डातल्या खाटेपाशी कुजबुजला जातो तेव्हा सरकार कुठल्या झोपेत असते?

न्यायाधीशांनाही आम्ही सोडणार नाही. लोकअदालतीच्या संध्याकाळी निकाली निघालेल्या प्रकरणांचे आकडे मोठ्या हौसेने छापून येतात. त्यातल्या किती जणांना न्याय्य रकमेच्या निम्मे तरी मिळाले, हा आकडा कधी छापता काय? न्याय्य भरपाई ठरवणे हे कलम १६८ ने न्यायाधिकरणावर टाकलेले कर्तव्य आहे. अर्जात मागितली त्याहून जास्त रक्कमही ते देऊ शकते. हा अधिकार हातात असताना आकडा न तपासता पुरसीस नोंदवून घेणे म्हणजे कर्तव्यातून अंग काढून घेणे.

तेव्हा येत्या लोकअदालतीत पॅनलवर बसणाऱ्यांनी एवढे करावे. अंगठा उठण्याआधी वय, कमाई, गुणक, अपंगत्व आणि व्याज असा पाच ओळींचा हिशेब मराठीत लिहून घ्यावा, तो अर्जदाराला वाचून दाखवावा, आणि देऊ केलेली रक्कम त्याच्या निम्मीही नसेल तर ती पुरसीस कंपनीच्या वकिलाच्या हातात परत द्यावी, भर कोर्टात.