पथ्य आणि पुरणपोळी

२०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्याशी संलग्न असलेल्या शाळांना 'साखर फलक' लावण्याची सूचना केली. पाठोपाठ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांतही खाद्यपदार्थांतील तेल व साखर यांचे प्रमाण दाखविणारे फलक असावेत, असे सुचविले. सूचना साधी होती. परंतु समोसा आणि जिलबी यांच्यावर सिगारेटप्रमाणे धोक्याचा इशारा छापला जाणार, अशी आवई देशभर उठली आणि तसे काही नाही, असा खुलासा अखेर सरकारला करावा लागला. या गदारोळात आपल्या समाजाचा एक स्वभाव मात्र उघड झाला. खाण्यापिण्याच्या बाबतीत आपल्याला दोनच भाषा अवगत आहेत. एक बंदीची आणि दुसरी चंगळीची. या दोहोंच्या मध्ये मापाची एक भाषा असते आणि आज खरी गरज तिचीच आहे, याचा विसर पडला आहे.

हा विसर परवडण्यासारखा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह जडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी नऊ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात एकवीस टक्के निघाली. सडपातळ दिसणारा भारतीय माणूसही आतून किती जोखीम बाळगून असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखविले. तेव्हा दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत घालविणारा कारकून, फळ्यापुढे उभा राहूनही फारसे न चालणारा शिक्षक आणि अभ्यासिकेत वडापाव व चहा यांवर दिवस काढणारा विद्यार्थी यांनी आहाराचा हिशेब ठेवावा, असे डॉक्टर सांगतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

प्रश्न हिशेब ठेवावा की नाही, हा नाहीच. तो टिकतो का, हा आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत तो टिकत नाही. दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी खावे, या वादाने मध्यंतरी महाराष्ट्रातील घरेच्या घरे दुभंगली होती. दोन्ही पक्षांतील पुष्कळ मंडळी काही महिन्यांत आपापल्या जुन्या ताटावर परतली. याचे खापर मनाच्या दुबळेपणावर फोडण्याचा प्रघात आहे. वस्तुतः दोष बहुधा नियमाच्या घडणीत असतो. गोड अजिबात नाही, तळलेले अजिबात नाही, सणावारीही नाही, असा नियम माणूस मोठ्या निश्चयाने करतो. पंधरा दिवस तो पाळतोही. मग भाच्याचे बारसे येते, कार्यालयात कुणाच्या बढतीचे पेढे येतात, एक पेढा तोंडात जातो आणि त्या एका पेढ्याबरोबर सारा निश्चय विरघळतो. 'आता मोडलेच आहे, तर उद्यापासून बघू' असे म्हणून तो दुसरा पेढा उचलतो. त्याचे नुकसान पहिल्या पेढ्याने होत नाही. ते होते या वाक्याने.

ही केवळ घरगुती निरीक्षणे नव्हेत. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील काही विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. त्यांना आधी दूध आणि आइस्क्रीम यांचे घट्ट पेय प्यायला दिले आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाण्याची मुभा दिली. ज्या एरवी पथ्य पाळत नव्हत्या, त्यांनी पोट भरल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या कटाक्षाने पथ्य पाळत होत्या, त्यांनी मात्र ते पेय प्याल्यानंतर उलट अधिक खाल्ले. पुढील प्रयोगांत असेही आढळले, की आपण फार उष्मांकांचा पदार्थ खाल्ला, अशी नुसती समजूत करून दिली तरी पथ्य करणाऱ्यांचा हात सुटतो. भुकेपेक्षा 'मोडले' ही भावनाच घात करते, असा त्याचा अर्थ आहे. काचेच्या भांड्यासारखा नियम एका तड्याने निकामी होतो. पितळेच्या भांड्याला पोचा आला, तरी ते वापरात राहते. आहाराचा नियम पितळेच्या भांड्यासारखा असावा.

या दृष्टीने आपल्याच घरातील जुन्या रिवाजांकडे पाहण्यासारखे आहे. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य करणारी कुटुंबे आजही महाराष्ट्रात आहेत. हा नेम सुरू होण्याच्या तोंडावर, आषाढ शुद्ध नवमीला, त्यांच्याकडे कांदेनवमी साजरी होते. कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची भाजी असा त्या दिवशी बेत असतो. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा ताटात येते. या प्रथांमागे आहारशास्त्र होते, असा दावा करण्याचे कारण नाही. तो भाबडेपणा होईल. परंतु त्यांत एक व्यवहारज्ञान निश्चित आहे. वर्ज्य काय, किती दिवस आणि त्या पदार्थाचा मान कोणत्या दिवशी, हे तिन्ही आधी ठरलेले असते. कांदेनवमीची भजी खाणाऱ्याला आपण नेम मोडला असे वाटत नाही, कारण ती भजी नेमाचाच भाग असतात. दुसऱ्या दिवशी तो निमूटपणे बिनकांद्याच्या जेवणाकडे वळतो.

याच परंपरेची दुसरी बाजूही आहे आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीत आपल्या लोकांनी ती स्वतःच हसून नोंदवून ठेवली आहे. साबूदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप यांची खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि गोड दही असा उपवास नेहमीच्या भाजी-भाकरीपेक्षा किती तरी जड पडतो. नावाने उपवास आणि हिशेबाने मेजवानी, असा हा प्रकार आहे. आजच्या पथ्यातही तेच घडते. 'साखरविरहित' असे छापलेली बिस्किटे पुड्यापुड्याने संपविणारा माणूस जुन्याच एकादशीचा नवा भक्त असतो.

तेव्हा सवलत कोठे द्यावी आणि काटकसर कोठे करावी, हे आकड्यांनीच ठरविले पाहिजे. मध्यम आकाराच्या एका पुरणपोळीत, वर चमचाभर तूप धरून, साधारणपणे तीनशे ते साडेतीनशे उष्मांक असतात. आता कार्यालयातील चहा पाहू. दिवसाला पाच कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तर दहा चमचे म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर होते. एका ग्रॅममागे चार या हिशेबाने ते २०० उष्मांक झाले आणि आठवड्याचे १,४०० झाले. म्हणजे होळीच्या एका पोळीला घाबरणारा माणूस दर आठवड्याला चार पुरणपोळ्या चहात विरघळवून पितो आणि त्याची नोंद त्याच्या मनातही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवणे अधिक हिताचे. हा चहाबाज तिची दुप्पट केवळ पेल्यातून घेतो. सणाची पोळी वर्षातून मोजक्या वेळा येते, आवडीने खाल्ली जाते आणि लक्षात राहते. रोजच्या चहातील पाचवा कप कुणाच्याच लक्षात राहत नाही. कात्री लावायची ती तिथे.

हिशेबाचा काळही दिवसापेक्षा आठवडा धरणे सोयीचे ठरते. ज्याला दिवसाला १,६०० उष्मांक नेमून दिले आहेत, त्याच्या वाट्याला आठवड्याचे ११,२०० येतात. सणाच्या दिवशी २,२०० खाल्ले, तरी उरलेल्या सहा दिवसांसाठी रोजचे १,५०० शिल्लक राहतात. रोज शंभर उष्मांक कमी करणे म्हणजे पाच चमचे साखर सोडणे होय. त्यासाठी दुसऱ्या दिवशी उपाशी राहून प्रायश्चित्त घेण्याची गरज नाही. त्या उपासातून संध्याकाळची अनावर भूकच जन्माला येते. तसेच सणाच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहून किलोभर वाढ पाहिली, की अनेकांचा धीर सुटतो. सहाशे-आठशे जादा उष्मांकांतून फार तर शंभर ग्रॅम चरबी होऊ शकते. बाकीचे वजन मिठाबरोबर आणि पिष्टाबरोबर शरीरात थांबलेल्या पाण्याचे असते आणि दोन-चार दिवसांत ते उतरते. काटा खोटे बोलत नाही. पण त्याचे बोलणे समजून घ्यावे लागते.

या विचारावर आक्षेप घेता येईल आणि तो निराधार नाही. वजन उतरवून ते टिकविणाऱ्यांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांतील लोकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जे आठवडाभर सारखाच नेम पाळतात, त्यांचे वजन सुटीच्या दिवशी सैल सोडणाऱ्यांपेक्षा अधिक स्थिर राहते. तिथल्याच २००० सालच्या दुसऱ्या पाहणीत, वर्षअखेरच्या सणासुदीत वाढलेले वजन सरासरीने अर्ध्या किलोहूनही कमी होते. परंतु ते पुढील काळात उतरत नाही, असे आढळले. म्हणजे एका सणाने काही बिघडत नाही हे जितके खरे, तितकेच दर सणाचे थोडे-थोडे साचत जाते, हेही खरे. सवलत ही दर रविवारची मुभा झाली, की ती सवलत राहत नाही. गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ आणि पाडव्याचे श्रीखंड यांना मान आहे, तो ते रोज नसतात म्हणूनच. आज श्रीखंडाचे डबे बारा महिने दुकानात मिळतात आणि लाडू-चिवडा नाक्यानाक्यावर विकला जातो. सण रोजचा झाल्यामुळे पथ्यही रोजचे करावे लागत आहे.

ज्यांना मधुमेह जडला आहे, त्यांच्यासाठी आठवड्याचा हिशेब पुरेसा नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वजन आठवड्याने मोजता येते. रक्तातील साखर त्या-त्या जेवणाबरोबर चढते. अशा माणसाने पोळी खायचीच असेल, तर ती भात आणि चपाती यांच्या जागी खावी, त्यांच्याखेरीज जादा खाऊ नये. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी औषधाचे प्रमाण स्वतःच्या मनाने बदलण्याचा किंवा जेवण टाळण्याचा उद्योग करू नये. त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे, यात कमीपणा नाही.

अखेर हा प्रश्न एकट्या जेवणाऱ्याचा नाही, वाढणाऱ्याचाही आहे. 'आमची शपथ आहे, एक तरी घ्याच' हा आग्रह आपल्याकडे प्रेमाची खूण मानला जातो आणि ताटावर आडवा धरलेला हात अपमानाची. ज्याने आपल्यापुरती एक पोळी ठरविली आहे, त्याच्या ताटात दुसरी टाकणे म्हणजे त्याचा हिशेब परस्पर खोडणे आहे. घरातील गृहिणीची स्थिती तर याहून अवघड असते. सर्वांचे पथ्य तिने रांधावे, सणाचा स्वयंपाकही तिनेच करावा आणि पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही तिनेच संपवावे, अशी अपेक्षा असते. तिच्या आहाराची चौकशी कुणी करीत नाही. घराने बेत मापाचा ठरविला आणि उरलेले वाटून दिले, तर तिची प्रकृती सांभाळण्यासाठी वेगळा उपदेश करावा लागणार नाही.

शाळांत साखरेचे फलक लागले, हे योग्यच झाले. पण फलक आकडा सांगतो, विवेक शिकवीत नाही. शिक्षकाने त्या फलकापुढे उभे राहून मुलांना 'जिलबी वाईट' एवढेच सांगितले, तर मुले ती शाळेबाहेर लपून खातील. जिलबी केव्हा, किती आणि त्या दिवशी तिच्या बदल्यात काय सोडायचे, हे सांगितले, तर ती मुले घरी जाऊन वडिलांच्या चहातील साखरेचे चमचे मोजू लागतील. ज्या घरात हे मोजमाप शांतपणे चालते, तिथे होळीच्या दिवशी पाटावर बसलेल्या माणसाने आपली एक पोळी तुपासह, सावकाश आणि निःशंक मनाने खावी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चहा बिनसाखरेचा असला, म्हणजे झाले.