नंतरच्या वर्षांचं काय?

गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर, 15 ऑक्टोबर 2025ला, माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. बंदुका थांबल्या, याचा आनंद आहेच. पण त्याच दिवशी ‘मनपरिवर्तन झालं’ असा शिक्का मारून सगळे मोकळे झाले, ते वर्षभर सलतं आहे.

मनपरिवर्तनाची गाजलेली गोष्ट जॉन न्यूटनची. हा गुलामांच्या व्यापारातला इंग्रज खलाशी. 1748 साली वादळात जहाज बुडू लागलं, त्याने देवाचा धावा केला आणि पुढे पाद्री झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याचंच. गोष्ट सांगताना मधलं गाळलं जातं. त्या वादळानंतर, 1750 ते 1754, तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान होता. खाली साखळदंडात माणसं, वर याची प्रार्थना. समुद्र सुटला तोही आजारपणामुळे. या धंद्याविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली थेट 1788 साली. तीत स्वतःची कबुली आहे, ती उशिरा आल्याची खंत आहे. अंगठे पिळायची यंत्रं आहेत, आणि रडतं म्हणून आईकडून हिसकावून समुद्रात फेकलेलं वर्षाचं मूल आहे. त्याच्या सगळ्या गीतांहून मला ही पुस्तिका मोलाची वाटते.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या माथी न्यूटनसारखं पाप नव्हतं. तरी त्या निर्णयाचे चटके त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसले आणि ‘स्मृतिचित्रे’त काहीही न झाकता लिहिले. टिळकांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गातात. पण त्यांचं धर्मांतर कळतं ते लक्ष्मीबाईंमुळे.

म्हणून या अंकाचा विषय ‘जबानी’. शस्त्रं ठेवलेल्यांनी लिहावं: कुठल्या गावात, कुणाला, कशासाठी मारलं. खबरी ठरवून ज्याला रात्री घरातून नेलं, त्याच्या बायकोला ते ऐकायचा हक्क आहे. तिनेही सांगावं, आणि तिचं आधी छापलं जावं. खाकी वर्दीतल्यांनाही हेच मागणं आहे. लिहिता येत नसेल तर निरोप धाडा, आम्ही गावात येऊन लिहून घेऊ. गोंडीत, माडियात, जिच्यात बोलाल तिच्यात.

— संपादक